दशरथच्या हाताला यश होतं

दशरथ गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. भोसरीला माझ्या नव्या कंपनीच्या गेटवर त्याची थोरली मुलगी उषा उभी होती. पाळी नुकती सुटलेली, सायकलींची ही गर्दी, आणि ती पोर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. मी दिसल्यावर म्हणाली, "काका, बाबा गेले. शनिवारी. चहाचा कप हातात होता…" मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. मी चिडलो एवढं आठवतं. चार दिवस मला कुणी कळवलं कसं नाही, म्हणून त्या पोरीवरच चिडलो. ती मलाच समजावत म्हणाली, "तुमचा पत्ता कुठं लिहिलेलाच सापडला नाही, काका. बाबांना रस्ता पाठ होता ना." खरं होतं ते. पिंपरीच्या चाळीतून आमच्या चिखलीच्या घरापर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता. बारा-तेरा वर्षं तो त्या रस्त्यानं सायकल मारत यायचा, आणि बहुतेक वेळा कारण एकच असायचं, माझ्या मोटारसायकलची बॅटरी.

दोन आठवड्यांनी आमच्या जुन्या कंपनीच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. दशरथ आणि मी त्या कंपनीत एकाच वर्षी लागलो होतो. मी नंतर सोडली, तो शेवटपर्यंत तिथंच राहिला. सगळे चांगलं बोलले. मग स्टोअरमधले एक जुने सहकारी उठले. मनानं वाईट नाहीत, पण त्यांना चार माणसं दिसली की गंमत केल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, "माणूस लाखात एक. पण बिचाऱ्याच्या हाताला यश नव्हतं. आपल्या बबनरावांची एक बॅटरी काय ती त्याला आयुष्यात टिकवता आली नाही!" लोक हसले. प्रेमानं हसले, ओल्या डोळ्यांनी हसले. पुढच्या रांगेत दशरथची बायको, शांतावहिनी, मान खाली घालून बसल्या होत्या. तो बबनराव म्हणजे मी. मी तिसऱ्या रांगेत होतो… आणि मीही हसलो.

त्या हसण्यापासून मला चैन नाही, म्हणून हे लिहितो आहे. दशरथच्या हाताला यश होतं. माझी बॅटरी का उतरायची हे मला माहीत होतं, आणि पुढे दशरथलाही कळलं होतं. आम्ही दोघंही गप्प बसलो. त्याच्या गप्प बसण्याला कारण त्याचा चांगुलपणा होता आणि माझ्या गप्प बसण्याला माझा भित्रेपणा. यात नाव मात्र त्याचं खराब झालं, आणि ते तो गेल्यावरही खराबच राहणार असं त्या दिवशी कँटीनमध्ये दिसलं.

दशरथ मूळचा बीडकडचा. दीक्षा घेतलेलं बौद्ध घर. गावात त्यांचा पाणवठा वेगळा होता, आणि तो उन्हाळ्यात आधी आटायचा. इकडे कारखाने उभे राहत होते तेव्हा मामाच्या ओळखीनं तो पिंपरीला आला आणि कंपनीच्या बॅटरी रूममध्ये चिकटला. माल वाहणाऱ्या विजेच्या ट्रॉल्यांच्या बॅटऱ्या तिथं भरल्या जायच्या. दुसरं कुणी त्या खोलीत टिकत नसे. ॲसिडच्या वासानं घसा खवखवायचा, कपड्यांची चाळण व्हायची. दशरथच्या एकाही शर्टाचा खालचा भाग धड नव्हता. पण त्याला त्या कामाची गोडी लागली. शाळा चौथीपर्यंतची, तरी कुठली ट्रॉली किती तास चालली आणि तिच्या बॅटरीत काय कमी-जास्त झालं, हे तो वहीत लिहून ठेवायचा. रविवारी चाळीपुढच्या लिंबाखाली ओळखीपाळखीच्यांच्या गाड्या बॅटरी दाखवायला लागायच्या. चहाशिवाय काही घ्यायचा नाही. कंपनीतलं डिस्टिल्ड पाणी थेंबभरही घरी आणायचा नाही, औषधांच्या दुकानातून स्वतःची बाटली आणून ठेवायचा. तो मला 'तुम्ही' म्हणायचा आणि मी त्याला 'तू'. वयानं आम्ही बरोबरीचे. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

मी चिखलीतल्या जुन्या शेतकरी घरातला. घरची विहीर, दारात तुळस, आणि वडिलांच्या मागे घरावर आईचा कारभार. मी जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा गल्लीत ती पहिलीच होती, त्यामुळे तिचा थाट विचारू नका. आईनं ओवाळलं, नारळ फोडला, आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की गाडीवरून ओलं फडकं फिरवायचा नेम धरला. बॅटरी जुनी होती म्हणून दशरथनं मला नवी घ्यायला लावली. सहा व्होल्टची, तीन बुचांची. आमच्या दारात बसून त्यानं ती स्वतः बसवली. टर्मिनलला ग्रीस लावलं आणि मला बजावलं, "दर महिन्याला मी पाणी बघून जाईन. तुमी हात लावू नका, राव. लेकराच्या दुधावानी हाय हे, जास्त बी नगं अन् कमी बी नगं." आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

पाच महिन्यांत बॅटरी बसली. सकाळी किक मारून मारून मांडी भरून यायची, मग गल्लीतली माणसं गाडी ढकलायची. दशरथ हळहळला, माल खराब निघाला म्हणाला. दुसरी आणली. दोन महिन्यांनी दिवा पुन्हा मिणमिणायला लागला, हॉर्न कोंबडीच्या पिलासारखा वाजायला लागला. तेव्हा मात्र दशरथ हट्टाला पेटला. त्याच्या कामाची रीत मी तेव्हा जवळून पाहिली. तो अंदाजानं कशालाही हात घालायचा नाही. आधी चेसीवरची अर्थिंगची वायर सोडवून कानशीनं घासून पुन्हा आवळली. मग डायनॅमोचे ब्रश बघितले. मग कटआऊट. तो चिकटून राहिला तर गाडी बंद असतानाही बॅटरीतली वीज उलटी वाहून जाते, हे त्यानं मला काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. सगळं ठीक होतं. मग म्हणाला, "आता चोर घरात हाय का बॅटरीतच हाय, ते बघू." त्यानं बॅटरी भरली, तिच्या दोन्ही वायरी काढल्या आणि दोन आठवडे स्वतःच्या घरी खाटेखाली ठेवून दिली. परत आणली तेव्हा होती तशी भरलेली. आमच्या गाडीत बसवली, महिन्यात उतरली.

त्यानं हायड्रोमीटर काढला. म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची जाड नळी. बॅटरीतलं पाणी तिच्यात ओढून घेतलं की आतली काचेची पट्टी तरंगते, आणि ॲसिडला जोर किती राहिलाय ते सांगते. तिन्ही खान्यांत ती पट्टी खाली बसली. दशरथनं बुचातून आत डोकावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि डोकं खाजवत मला म्हणाला, "बबनराव, उन्हाळ्याचं पाणी कमी व्हतंय, का वाढतंय?" मी म्हटलं, कमी होतं. "मग तुमच्या बॅटरीतलं कामून वाढायलंय?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी सकाळी दात घासत मी बाहेर आलो, तर आईनं बॅटरीचं झाकण बाजूला केलेलं, तिन्ही बुचं ओळीनं सीटवर मांडलेली, आणि ती पळीपळीनं तांब्यातलं विहिरीचं पाणी आत सोडत होती. वरचं पाणी ओघळून खाली येत होतं. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तहान लागती रं त्येला. दशरथच म्हनला न्हाई का, पानी लागतं म्हनून? मुक्या जित्राबाला आपन पाजतो, तसंच हे." मला हसूच आलं. मी तिला नको घालू म्हणून सांगितलं, आणि ती घालत राहिली हे दिसत असूनही पुन्हा सांगितलं नाही. दशरथला सांगायचं, तर आमची आई अडाणी आहे असं सांगितल्यासारखं होईल, असं मी स्वतःला समजावलं. दशरथसाठी आमच्याकडे कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची, हेही इथं लिहायला हवं. तो चहाला बसायचाच नाही. "आत्ताच झाला बघा," म्हणायचा. चाळीतून पाऊण तास सायकल मारत आलेल्या माणसाचा चहा आत्ताच कुठं झाला, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

त्याच सुमारास कंपनीत बॅटरी रूमला नवा चार्जमन, म्हणजे त्या खोलीचा मुख्य, नेमायचा होता. दशरथचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मोठ्या साहेबांनी कँटीनमध्ये सहज म्हणून विचारलं, "काय रे, दशरथला जमेल ना?" आणि आमचे तेच स्टोअरवाले सहकारी म्हणाले, "साहेब, जिवलग दोस्ताची एक बॅटरी राहीना त्याच्याच्यानं, आपल्या वीस ट्रॉल्या कशा राहायच्या? हाताला यश लागतं!" सगळे हसले. साहेबही हसले, आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं: साहेब, त्याची चूक नाही, आमच्या घरात विहिरीचं पाणी पडतंय बॅटरीत. मी ताटातली उसळ भाकरीनं गोळा करत बसलो. दशरथ दोन माणसं सोडून बसला होता. तो हसला नाही, रागावला नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. चार्जमन दुसराच झाला. माझ्या एका वाक्यानं ते बदललं असतं की नाही, देव जाणे… पण ते वाक्य मी बोललो नाही एवढं खरं.

पुढच्याच रविवारी दशरथ सकाळी आमच्या दारात हजर. कुठल्याशा फुटक्या तसबिरीची काच रुमालात गुंडाळून आणली होती. काच त्यानं ओट्यावर उन्हात ठेवली. एका कोपऱ्यात आपल्या बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्याचा थेंब सोडला, दुसऱ्या कोपऱ्यात आमच्या विहिरीच्या पाण्याचा. थोड्या वेळानं दोन्ही सुकले. त्याच्या थेंबाचा मागमूस राहिला नाही. आमच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं उमटलं होतं. मग बॅटरीची बुचं काढून त्यानं मला बुचांच्या खालच्या कडेला धरलेली तसलीच पांढरी पुटं दाखवली. त्या वेळी आई तुळशीला पाणी घालायला बाहेर आली, आणि दशरथची नजर तिच्या लुगड्याच्या पदरावर गेली. पदराच्या टोकाला बारीक बारीक भोकं पडलेली होती. ॲसिडचा थेंब कापडावर पडला तर लगेच काही दिसत नाही. कापड धुतलं की तेवढी जागा विरून जाते. ती भोकं कसली हे जगात कुणाला कळलं नसतं, पण दशरथला कळल्याशिवाय राहणार नव्हतं. त्याचा स्वतःचा शर्ट तसाच होता.

मी खाली बघत होतो. मला वाटलं, आता हा हत्यारं गोळा करणार आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. त्यानं काच पुसली, रुमालात गुंडाळली, आणि आईला म्हणाला, "आई, तुमच्या हिरीचं पाणी लई ग्वाड हाय म्हनत्यात. पर त्याच्यात चुना हाय. मान्साला चालतो, बॅटरीच्या पोटात बसतो. एक काम करा. पाणी तुमचंच घ्या, हिरीचंच घ्या, तुमच्याच चुलीवर ठेवा. मी सांगतो तसं फकस्त वाफ करून घ्या. मग ह्या गाडीत दुसऱ्या कुनाचं पाणी घालायची गरजच न्हाई."

आई आत गेली आणि चुलीपुढं बसली. दशरथ उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला आणि तिथूनच सांगत राहिला. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या. मधोमध दगडावर चिनी मातीची बरणी ठेवा, तांब्या-पितळेचं भांडं नको. वर झाकण उलटं घाला, बोंड खाली आलं पाहिजे. झाकणावर गार पाणी ठेवा, तापलं की बदला. आत आई चुलीपुढं, बाहेर हा, आणि मध्ये मी, निरोप्यासारखा. तासाभरानं बरणीत चार बोटं पाणी जमलं. आईनं ते बाटलीत भरून बाटली उंबऱ्यावर ठेवली. दशरथनं उचलली, उन्हात धरून बघितली आणि म्हणाला, "बेस जमलं, आई. कंपनीत बी असं निघत न्हाई." मग त्यानं बॅटरी नेऊन आतून धुतली, नवं ॲसिड भरलं, हळूहळू चार्ज करून आणली, आणि आईनं काढलेलं पाणी दर महिन्याला तिच्यादेखत घालायला लागला. ती बॅटरी चार वर्षं चालली. त्यानंतरचीही तशीच. पण कँटीनमध्ये ज्या बॅटऱ्या बसल्या त्यांची गोष्ट झाली होती, ज्या चालल्या त्यांची कोण सांगतो?

पुढे कधीतरी आई ती बाटली त्याच्या हातात द्यायला लागली. कधीपासून, ते माझ्या लक्षात नाही. कोनाड्यातली कपबशी फुटली, तिच्या जागी दुसरी आली नाही. दशरथ ओसरीवर बसून आमच्याच कपातून चहा पिऊ लागला, आणि आई त्याला बीडकडच्या पिकापाण्याचं विचारू लागली. उषाच्या लग्नाचं ठरलं तेव्हा त्यानं आधी आईला येऊन सांगितलं. एकदा, दिघीच्या रस्त्यानं आम्ही दोघं गाडीवरून येत होतो, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "दशरथ, त्या बॅटरीचं… मी साहेबांना सांगायला हवं होतं रे. अजून सांगतो." तो मागं बसला होता, त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. म्हणाला, "राहू द्या, राव. आईचं नाव कशाला चारचौघांत घेता? वय झालंय त्यांचं. माझं काय, माझं काम मला ठाऊक हाय." आणि मी ते राहू दिलं. त्यानं सांगितलं म्हणून राहू दिलं, असं मी इतकी वर्षं मानत आलो.

इथवर लिहून झाल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवण्याआधी मी हे आईला वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि तिच्याबद्दल जगजाहीर लिहायचं तर तिला विचारायला हवं होतं. तिनं नको म्हटलं असतं तर मी कागद फाडून टाकले असते, हेही कबूल करतो. ओसरीवर भिंतीला टेकून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये दशरथचं नाव आलं की मान हलवत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "यात एक खोटं लिवलंस."

"काय?"

"गाडीला तहान लागती म्हनून म्या पानी वतलं, असं लिवलंस. तसं न्हवतं."

"तूच तर म्हणायचीस."

"म्हनायची. मग तुला काय सांगनार हुते?" तिनं पदराचं टोक बोटांत धरलं. "त्यो त्येच्या घरनं बाटली आनायचा. त्येच्या घरचं पानी आपल्या दारातल्या गाडीत… मला ते नगं हुतं. त्यो गेला की मी वरनं आपलं पानी वतायची. आपलं पडलं म्हंजी गाडी पुन्यांदा आपली झाली, असं वाटायचं मला. व्हय, असंच हुतं ते. त्येनं माझ्या पदराकडं बघितलं ना, तवाच मला कळलं की ह्याला समदं कळलं. आन् तरी त्यो मला आई म्हनला."

मी म्हणालो, "आई, हे नको लिहायला. लोक काय म्हणतील? तहानेचंच राहू दे."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला नजर उचलवेना. "त्येनं झाकलं, ती त्येची माया हुती," ती म्हणाली. "तू कुनासाठी झाकतुयास? मेलेल्या मान्साच्या माथी हे ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. लिव. आन् नुसतं आई म्हनून लिवू नगंस, आई कुनाची बी असती. नाव घालून लिव."

वरचा मजकूर मी बदललेला नाही. त्यात मी जे झाकलं, ते झाकलेलंच दिसू दे. माझ्या आईचं नाव गजराबाई. दशरथनं हात लावला म्हणून त्यानं भरलेल्या बॅटरीत तिनं आमच्या विहिरीचं पाणी ओतलं, आणि ती ते का ओतत होती हे पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं.